अकरा वर्षांच्या कॅमरी हायब्रिडची बॅटरी: अख्खी बदलायची, दोन मॉड्यूल, की आधी मोजायची

तुमचा प्रश्न थोडक्यात परत लिहितो म्हणजे वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. २०१४ ची कॅमरी हायब्रिड, १ लाख ३८ हजार किलोमीटर झालेत, बहुतेक पुण्यातच फिरते, गेल्या महिन्यात खंबाटकी चढताना डॅशवर ‘चेक हायब्रिड सिस्टीम’ आलं, त्याच्या आधी आठवडाभर मागच्या सीटच्या मागून पंख्याची घरघर यायची आणि बॅटरीचे बार कधी पटकन भरायचे कधी पटकन पडायचे. शोरूमने स्कॅन केलं, पी०ए८० कोड निघाला, अख्खी बॅटरी बदला म्हणाले आणि आकडा ऐकून तुम्ही खुर्चीतच बसलात. ओळखीच्या गॅरेजवाल्याने सांगितलं, दोनच मॉड्यूल, म्हणजे बॅटरीतले सुटे तुकडे, गेलीत, बदलतो, परवा गाडी न्या. आता कोणाचं ऐकू, आणि गणपतीला कोल्हापूरला गाडी नेऊ का, असे तुमचे दोन प्रश्न.

मी पुण्यात ऑटो इलेक्ट्रिशियनचं काम करतो, त्यातली बारा-तेरा वर्षं हायब्रिडवर गेलीत, कॅमरी आणि प्रियस मिळून बरेच पॅक उघडलेत. माझं मत आधीच सांगून टाकतो. शोरूमवाला चुकीचं सांगत नाहीये पण त्याने फक्त कोड वाचलाय, आणि गॅरेजवालाही खोटं बोलत नाहीये, दोनच मॉड्यूल गेलेली असू शकतात, पण त्याचा उपाय तुम्हाला सहा महिन्यांत परत त्याच्याच दारात आणून उभा करेल.

आधी तो डबा आतून कसा आहे ते बघा. तुमच्या कॅमरीत निकेल मेटल हायड्राइडची बॅटरी आहे, लिथियम नाही. पुस्तकाच्या आकाराची प्लॅस्टिकची ३४ मॉड्यूल उभी शेजारी शेजारी दाबून बसवलेली, प्रत्येक ७.२ व्होल्टचं, आणि प्रत्येकाच्या पोटात १.२ व्होल्टचे ६ सेल. म्हणजे २०४ सेल एकामागे एक जोडलेले, एकूण २४४.८ व्होल्ट. गणपतीच्या मखराला पूर्वी त्या बारक्या बल्बच्या माळा लावायचो ना, एक बल्ब गेला की अख्खी माळ बंद, तसलंच कनेक्शन आहे हे. फरक एवढाच की इथं सेल एकदम उडत नाही, हळूहळू मंद होत जातो आणि बाकीचे २०३ ठणठणीत असले तरी गाडी त्या एकाच्या चालीने चालते.

गाडीचा कॉम्प्युटर काही २०४ सेल वेगवेगळे बघत नाही. तो दोन दोन मॉड्यूलची जोडी करून १७ जोड्यांचे व्होल्टेज बघतो. एखादी जोडी बाकीच्यांपासून फारच खाली-वर व्हायला लागली की पी०ए८० टाकतो. कोडचं नाव ‘हायब्रिड बॅटरी पॅक बदला’ असंच आहे त्यामुळे शोरूममध्ये पोरगा स्क्रीनवर दिसतं तेच वाचून दाखवतो, त्याच्यावर रागावून उपयोग नाही. पण कोडचा खरा अर्थ ‘जोड्यांमध्ये फरक पडलाय’ एवढाच आहे. फरक का पडला हे कोड सांगत नाही, ते उघडून आणि मोजूनच कळतं.

आणि फरक तीन-चार कारणांनी पडतो. सेल खरंच म्हातारा झाला हे एक. दुसरं, मॉड्यूलना जोडणाऱ्या तांब्याच्या पट्ट्या, बसबार म्हणतो आम्ही, त्या हिरव्या-काळ्या पडतात. तिसरं, व्होल्टेज वाचणाऱ्या ज्या बारीक वायरी असतात त्यांच्या टोकाला गंज चढतो, मग सेल चांगला असूनही कॉम्प्युटरला कमी दिसतो. बसबार आणि सेन्स वायरचा प्रॉब्लेम दमट हवेतल्या गाड्यांत जास्त बघितलाय, मुंबई, रत्नागिरी, गोवा साइडच्या गाड्या उघडल्या की आधी तिकडेच बघतो. एका प्रियसला दोन ठिकाणी बॅटरी बदला सांगितलं होतं, उघडली तर एका सेन्स वायरची रिंग इतकी खाल्लेली की बोट लावल्यावर तुटून हातात आली. वायर नवीन टाकली, पट्ट्या व्हिनेगरने आणि पितळी ब्रशने साफ केल्या, गाडी पुढे दोन वर्षं त्याच बॅटरीवर चालली. हे दर वेळी होतं असं नाही हां, मी म्हणेन दहात एखादी गाडी अशी निघते, पण ती एक तुमची असली तर केवढे पैसे वाचले बघा.

डिकीतली १२ व्होल्टची साधी बॅटरीसुद्धा बघून घ्या. ती कमजोर झाली की या गाड्या काहीही दिवे लावतात, रेडी होत नाहीत (डॅशवर ‘रेडी’ दिवा लागला म्हणजे गाडी चालायला तयार), ब्रेकचा दिवा, स्टीअरिंगचा दिवा, सगळी दिवाळी. तुमच्याकडे पी०ए८० आलाय आणि बारही उड्या मारतायत त्यामुळे १२ व्होल्टवर खापर फोडता येणार नाही, पण जुनी असेल तर याच कामात बदला, आणि गॅस बाहेर नेणारी व्हेंट नळी लावायची सोय असलेलीच घ्या कारण ती गाडीच्या आत, डिकीत बसते, बॉनेटखाली नाही. स्वस्तातली कुठलीही आणून कोंबू नका.

आता मोजायचं कसं. गाडीच्या स्कॅन पोर्टमध्ये लावायचा छोटा ब्लूटूथ ओबीडी डोंगल ऑनलाइन मिळतो, मोबाइलवर डॉक्टर प्रियस नावाचं अ‍ॅप आहे, ते कॅमरीलाही चालतं. टेकस्ट्रीममध्येही, म्हणजे शोरूमच्या स्कॅनिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये, हेच आकडे दिसतात पण ते कोणी तुम्हाला दाखवत नाही. गाडी रेडी करा, १७ जोड्यांचे व्होल्टेज स्क्रीनवर घ्या. नुसतं उभ्या गाडीत सगळे १५-१६ च्या आसपास आणि जवळजवळ सारखे दिसतील, बघून बरं वाटेल, त्याच्यावर विश्वास ठेवू नका. म्हातारा माणूस खुर्चीत बसलेला असताना ठणठणीतच दिसतो, जिना चढायला लावला की कळतं. म्हणून लोड द्या. एसी फुल करा, मोकळ्या रस्त्यावर शेजारी बसलेल्या माणसाच्या हातात मोबाइल द्या आणि दोन-तीनदा जोरात पिकअप घ्या, जोरात ब्रेक मारा. बोपदेव घाट जवळ असेल तर उत्तमच, चढताना डिस्चार्ज आणि उतरताना चार्ज दोन्ही बघायला मिळतं. चालवणाऱ्याने मोबाइलकडे बघायचं नाही, हे सांगायला नको पण सांगतो.

लोडवर सगळ्याच जोड्या खाली येतात, त्यात काळजी नाही. सगळ्या एकत्र खाली येतात का आणि एकत्र वर जातात का, ते बघायचं. चांगल्या पॅकमध्ये सगळ्यात वरची आणि सगळ्यात खालची यांच्यात लोडवर ०.४-०.५ व्होल्टच्या आत फरक राहतो. एखादी जोडी बाकीच्यांपेक्षा एक-सव्वा व्होल्टने खाली पडत असेल तर समजा तिच्यातला एक अख्खा सेल गेलाय, कारण एक सेल म्हणजेच १.२ व्होल्ट. हा सव्वा व्होल्टचा आकडा लक्षात ठेवा. एकच जोडी अशी पडते आणि बाकीच्या सोळा एका ओळीत आहेत, की चार-पाच जोड्या कमी-जास्त लटपटतायत, यावर पुढचा निर्णय आहे. आणखी एक खूण, मधल्या जोड्या आधी गेल्यात की कडेच्या. बहुतेक पॅकमध्ये मधली मॉड्यूल आधी जातात कारण मध्ये गरम जास्त होतं.

उष्णता हाच या बॅटरीचा खरा शत्रू आहे. सेलमधलं पाणी वर्षानुवर्षं गॅस होऊन थोडं थोडं बाहेर जातं, आतली पावडर गंजते, रोध म्हणजे वीज जायला होणारा अडथळा वाढतो, रोध वाढला की जास्त गरम होतो, गरम झाला की पाणी अजून लवकर उडतं. हे चक्र एकदा सुरू झालं की थांबत नाही. ते लांबवायला गाडीत एक पंखा दिलाय, तो केबिनमधली थंड हवा मागच्या सीटजवळच्या जाळीतून ओढून बॅटरीवरून फिरवतो. ती घरघर जी तुम्ही ऐकली ना, ती या पंख्याचीच, बॅटरी तापली म्हणून तो फुल स्पीडला गेला होता. बहुतेक मालकांना हा पंखा आहे हेच माहीत नसतं, आणि सर्व्हिसच्या वेळी तो साफ करा असं आपण सांगितलं नाही तर कोणी त्याच्या वाटेला जात नाही.

मागच्या वर्षी एक कॅमरी आली होती, मालकांचा लॅब्राडॉर रोज मागच्या सीटवरून फिरायला जायचा. पंखा काढला तर त्याच्या पात्यांच्या मध्ये केस आणि धूळ मिळून असा नमदा बसला होता की चाक दिसतच नव्हतं, स्क्रूड्रायव्हरने सोलून काढावं लागलं, सोललं तर अख्खं कडं एका तुकड्यात निघालं, बांगडीसारखं. पंखा फिरत होता, हवा शून्य. त्या गाडीला दीड वर्षापूर्वीच दुसरीकडून नवीन बॅटरी बसवली होती आणि तीसुद्धा निम्मी संपली होती, कारण बसवणाऱ्याने पंखा जसा होता तसाच परत लावला. म्हणून माझा नियम आहे, पंखा साफ केल्याशिवाय मी नवीन पॅक बसवत नाही, गिऱ्हाईक घाईत असलं तरी नाही. तुम्ही जिथे काम कराल तिथे पंखा काढून साफ केल्याचा फोटो मागा, अर्ध्या तासाचं काम आहे.

आता दोन मॉड्यूल बदलायच्या प्रस्तावावर येतो. तुमची सगळी ३४ मॉड्यूल एकाच दिवशी जन्मली, एकाच गाडीत एकाच उन्हात शिजली. त्यातली दोन गेली म्हणजे बाकी बत्तीस तरुण आहेत असं नाही, ती रांगेत उभी आहेत. त्यात कुठल्यातरी दुसऱ्या गाडीतून काढलेली दोन मॉड्यूल घातली तर त्यांची ताकद वेगळी, रोध वेगळा, मग चार्ज होताना ती आधी भरतात किंवा बाकीची आधी भरतात आणि परत जोड्यांमध्ये फरक, परत तोच कोड. जुन्या धोतराला नवीन ठिगळ लावलं की शिवणीच्या शेजारीच फाटतं, तसं. मी स्वतः सुरुवातीच्या वर्षांत असली कामं केलीत, गिऱ्हाईक म्हणायचं स्वस्तात करा, मीही करायचो. त्यातल्या बहुतेक गाड्या वर्षाच्या आत परत आल्या आणि शिव्या मलाच बसल्या. आता फक्त एका केसमध्ये करतो, गाडी तरुण आहे, बाकीच्या जोड्या लोडवर एका ओळीत आहेत आणि एकाच मॉड्यूलला लीक किंवा मार लागलाय. अकरा वर्षांच्या गाडीत नाही.

मधला प्रकार म्हणजे रिकंडिशनिंग. यात पॅक पूर्ण सोडवून सगळी मॉड्यूल चार्जरवर दोन-तीन वेळा पूर्ण चार्ज-डिस्चार्ज करायची, प्रत्येकाची खरी क्षमता लिहून काढायची, मूळ क्षमता ६.५ अ‍ॅम्पिअर-तास असते, त्यातली किती उरली ते बघायचं, मग सारख्या ताकदीची एकत्र ठेवायची आणि मेलेली काढायची. नीट केलं तर आठवडा जातो आणि थोडा फायदाही होतो, कारण गाडी ही बॅटरी कायम साधारण ४० ते ८० टक्क्यांच्या मध्येच वापरते त्यामुळे सेल आळशी झालेले असतात, पूर्ण व्यायाम दिला की थोडे जागे होतात. पण उडालेलं पाणी चार्जरने परत येत नाही. ज्याला गाडी सहा-आठ महिन्यांत काढायची आहे आणि विकताना खरं सांगायची तयारी आहे, त्याने हे करावं.

रिकंडिशनिंगच्या नावाखाली एक प्रकार चालतो तो ओळखायला शिका. सगळी मॉड्यूल एका तारेने समांतर जोडून दोन रात्री ठेवतात आणि म्हणतात बॅलन्स झाली. निकेलच्या सेलचा व्होल्टेज चार्ज बराच कमी-जास्त असला तरी जवळजवळ तेवढाच दिसतो, त्यामुळे दोन रात्रींनी व्होल्टेज सारखा होतो, चार्ज सारखा होत नाही. मीटरवर सुंदर आकडे, घाटात परत दिवा. दुसरी खूण, चार्ज करताना मॉड्यूल सुटी टेबलावर ठेवलेली दिसली तर तिथून निघा. ती दाबून, शिकंज्यात धरूनच चार्ज करायची असतात, नाहीतर पोट फुगतं आणि मग परत फ्रेममध्ये बसत नाहीत, मारून मुटकून बसवतात. मी साधी टेस्ट अशी करतो, हेडलाइटचा ५५ वॅटचा बल्ब प्रत्येक मॉड्यूलला दोन मिनिटं लावतो आणि आधी, चालू असताना आणि नंतर असे तीन आकडे खडूने मॉड्यूलवरच लिहितो. ३४ मॉड्यूल, सकाळ जाते. पण संध्याकाळी मालक आला की त्याला काही समजावून सांगावं लागत नाही, खडूचे आकडे बघूनच त्याला कळतं. ज्याच्यात एक सेल मेलाय ते उभ्या उभ्याच ७.८ ऐवजी साडेसहाच्या आसपास दिसतं.

अपघाताच्या गाडीतून काढलेला अख्खा पॅक हा तिसरा पर्याय. कुर्ल्याला, नाना पेठेत जुन्या पार्टच्या दुकानांत चौकशी केलीत तर कोणी ना कोणी ‘आहे साहेब, एकदम कमी चाललेली गाडी’ म्हणेलच. किलोमीटर सोडा, वय विचारा, कारण ही बॅटरी उभ्या उभ्याही म्हातारी होते. आणि लोडवर मोजून दिल्याशिवाय घेऊ नका. मला हा पर्याय जुगार वाटतो, कधी कधी चांगला लागतो.

नवीन घ्यायची तर दोन वाटा आहेत. एक कंपनीची ओरिजिनल, दुसरी बाहेरच्या कंपनीची नवीन निकेलच्या सेलची, तीत बऱ्याचदा गोल सेल असतात आणि ती जुन्याच फ्रेममध्ये बसते. ओरिजिनल महाग पण बसवली की विसरून जा. बाहेरच्यांत चांगली आणि भंगार दोन्ही आहेत, बाहेरून सारखीच दिसतात. तिथे ब्रँडपेक्षा विकणारा पुढच्या वर्षी त्याच पत्त्यावर असेल का हे बघा. आणि नवीन असली तरी गोदामात किती दिवस पडली होती ते विचारा, निकेलची बॅटरी पडून पडून आपोआप उतरते, बसवायच्या आधी सगळ्या जोड्या समोर मोजून घ्या.

लिथियमचं किट टाकू का असंही हल्ली लोक विचारतात, हलकं असतं, मायलेज वाढतं वगैरे. तुमच्या गाडीचा कॉम्प्युटर निकेलसाठी लिहिलेला आहे. निकेल जास्त चार्ज झालं तर थोडं तापतं आणि सहन करतं, लिथियम सहन करत नाही. चांगली किट्स हे लक्षात घेऊन बनवलेली असतात, पण रोजच्या घरच्या गाडीत, मागच्या सीटच्या पाठीला टेकून, मी माझ्या घरच्यांना बसवणार नाही. आणि काही झालं तर इन्शुरन्सवाला आधी हाच बदल दाखवून हात वर करेल. यावर माझ्याशी वाद घालणारे मित्र आहेत, असू देत.

म्हणून तुमच्यासाठी माझा सल्ला असा. आधी लोडवर आकडे घ्या. वायरी-पट्ट्यांचा दोष नाही हे उघडून बघा. सेलच गेलेत असं निघालं आणि गाडी अजून चार-पाच वर्षं ठेवायची असेल, तर पूर्ण नवीन निकेल पॅक टाका, जमत असेल तर ओरिजिनल. तुमचं इंजिन, गिअरबॉक्स, बॉडी चांगली आहे असं तुम्ही लिहिलंय, कॅमरीचं इंजिन एवढ्या किलोमीटरला काही म्हातारं होत नाही, मग तिच्यावर खर्च करायला हरकत नाही. शोरूमचा आकडा लेखी घ्या, त्यात पॅक किती, मजुरी किती, जुन्या पॅकचे किती वजा केले हे वेगळं लिहून मागा. फोनवर सांगितलेला आकडा आणि बिलावरचा आकडा यांची ओळख नसते.

जुन्या पॅकचं हे महत्त्वाचं आहे. त्यात निकेल आहे, कोबाल्ट आहे, भंगारातही त्याला किंमत येते, शिवाय तुमच्या ३४ मधली वीसेक मॉड्यूल अजून चालणारी असतात. काही लोक जुना पॅक ‘आम्हीच डिस्पोज करतो’ म्हणून फुकट ठेवून घेतात आणि त्यातली चांगली मॉड्यूल दुसऱ्या गाडीत दोन दोन करून विकतात, तुम्हाला जी दोन देणार होते ती कुठून येतात वाटलं? २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे जुनी बॅटरी घरच्या कचऱ्यात किंवा कुठल्याही भंगारवाल्याकडे टाकायची नसते, गोळा करणाऱ्या किंवा रिसायकल करणाऱ्या नोंदणीकृत माणसाकडेच जायला हवी. तेव्हा पैसे वजा करून घ्या आणि कुठे दिली त्याचा कागद घ्या.

स्वतः करू का असं तुम्ही विचारलं नाहीये पण कोणीतरी विचारेलच, नेटवर व्हिडिओ बघून. नका करू. हे २४४ व्होल्ट डीसी आहेत, घरातल्या २३० व्होल्ट एसीसारखेच जीव घेऊ शकतात. डिकीतला नारिंगी सर्व्हिस प्लग काढला की वीज बंद झाली असं लोकांना वाटतं. तो प्लग पॅकला मध्ये तोडतो, दोन्ही तुकडे आत जिवंतच असतात. शिवाय प्लग काढल्यावर इन्व्हर्टरमधला, म्हणजे बॅटरीची वीज मोटरला देणाऱ्या डब्यातला, विजेचा साठा उतरायला निदान १० मिनिटं थांबायचं, हजार व्होल्टचे रबरी हातमोजे घालायचे, ते आधी फुंकून भोक नाही ना बघायचं, हातातलं कडं, घड्याळ, अंगठी, गळ्यातली चेन काढायची, चावी गाडीपासून लांब ठेवायची, मग मीटरने शून्य बघायचं आणि मगच हात घालायचा. माझ्याकडे नवीन पोरगं आलं की पहिले तीन महिने फक्त मीटर धरायला लावतो.

गॅरेजमध्ये काम करून घेताना तुम्ही बघू शकाल अशा दोन-तीन गोष्टी सांगतो. बसबारचे नट टॉर्क रेंचने लावतात का बघा. टॉर्क फक्त ५.४ न्यूटन मीटर आहे, म्हणजे मनगटाने हलकं आवळल्यासारखं. चाकाचे नट आवळणारा हात तिथे लागला की मॉड्यूलचा खिळा प्लॅस्टिकमध्ये गोल फिरतो आणि नवं कोरं मॉड्यूल गेलं. साताऱ्याकडून आलेल्या एका पॅकमध्ये असे सात खिळे फिरलेले होते. मॉड्यूलच्या डोक्यावरून जाणारी गॅसची बारीक नळी परत लावली का बघा, खालचे तापमानाचे सेन्सर क्लिपमध्ये बसले का बघा. मॉड्यूल एक सरळ एक उलटं अशी बसतात, म्हणून उघडायच्या आधी फोटो काढलेला असावा. आणि शेवटी सर्व्हिस प्लगचा दांडा पूर्ण बसवून लॉक झाला पाहिजे, शेवटची ढकल राहिली तर गाडी रेडीच होत नाही. संध्याकाळी सात वाजता सगळं बसवून गाडी चालू होत नाही म्हणून डोक्याला हात लावून बसलेला मेकॅनिक मी बघितलाय, आरशात.

पॅक बदलून झाला की कोड पुसायचा आणि परत त्याच घाटात घेऊन जायचं, मोबाइलवर आकडे बघत. पहिले काही दिवस बार थोडे वेडेवाकडे नाचतील, कॉम्प्युटरला नवीन बॅटरीची सवय व्हायची असते, घाबरू नका. बिलावर मॉड्यूलचे सिरीयल नंबर लिहून घ्या किंवा फोटो ठेवा, आणि वॉरंटीत मजुरी आणि टोइंग धरलंय का ते तोंडी नाही, लिहून घ्या. हल्लीच्या हायब्रिडना ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची बॅटरी वॉरंटी मिळते, तुमच्या गाडीचं वय बघता तो विषय संपलाय, म्हणून बिलावरची ही ओळच तुमची वॉरंटी.

नंतरच्या काळजीत मी फक्त सवयींवर बोलतो. सिग्नलला गाडी न्यूट्रलला टाकायची जुनी सवय सोडा. न्यूट्रलमध्ये ही गाडी बॅटरी चार्ज करत नाही, आणि एसीचा कॉम्प्रेसर बॅटरीवरच चालतो, म्हणजे चांदणी चौकात वीस मिनिटं न्यूट्रलमध्ये एसी लावून बसलात की बॅटरी नुसती पिळली जाते. डी मध्ये ब्रेकवर पाय ठेवा नाहीतर पी करा, इंजिन लागेल तेव्हा आपोआप चालू होऊन चार्ज करेल. मागच्या जाळीवर बॅग, उशी, देवदर्शनाची पिशवी काही ठेवू नका. उन्हात लावलेली गाडी असेल तर आधी काचा खाली करून गरम हवा जाऊ द्या, एसी लावा, कारण केबिनची हवा तीच बॅटरीची हवा. पंखा वर्षातून एकदा साफ, कुत्रा असेल तर सहा महिन्यांनी. आणि गाडी महिनोनमहिने उभी ठेवू नका. २०२० च्या लॉकडाउननंतर माझ्याकडे लाइन लागली होती, सगळ्या गाड्या पार्किंगमध्ये कव्हर घालून उभ्या. नुसती चालू करून पाच मिनिटांत बंद करण्यात अर्थ नाही, महिन्यातून एक-दोनदा अर्धा तास नीट चालवून आणा.

राहिलं कोल्हापूर. दिवा पुसून घेतलाय, सध्या गाडी बरी चालतेय, मग जाऊन येऊ, असा तुमचा विचार दिसतोय. या गाडीला वेगळा स्टार्टर नाही. इंजिन फिरवायचं काम ही मोठी बॅटरीच करते. साध्या गाडीची बॅटरी गेली तर चार माणसं धक्का मारतात, इथे टाकी पेट्रोलने भरलेली असली तरी मोठी बॅटरी बसली की इंजिन फिरणारच नाही आणि धक्का मारूनही काही होत नाही, गाडी अख्खी वर चढवून नेणारी फ्लॅटबेडच बोलवावी लागते. तीसुद्धा गणपतीच्या आदल्या दिवशी, खंबाटकीत, पावसात, अख्खं पुणे गावाला निघालेलं असताना. मोजून घ्या, काम करून घ्या, दसऱ्याला गाडी घेऊन आरामात जा. गणपतीला स्वारगेटहून एसटी आहे.